तेरावा हात

सुपडूनाना गेल्याची बातमी माझ्याकडे ऑर्डर म्हणून आली. सकाळचे नऊ वाजले होते, प्रेसचं शटर नुकतंच वर केलं होतं आणि मशीनवर एका बारशाचा बॅनर चढवायचा होता. तेवढ्यात मोबाइलवर नानांचा फोटो आला आणि पाठोपाठ त्यांच्या पुतण्याचा निरोप, ‘काका, तीन बाय चार, दोन नग, अर्जंट.’ मला वाटलं, वाढदिवस असेल. नाना आणि वाढदिवसाचा बॅनर... मी मनाशी हसलोसुद्धा. मग दुसरा निरोप आला, ‘वर भावपूर्ण श्रद्धांजली टाका, खाली माजी नगराध्यक्ष.’ मी स्टुलावर बसून राहिलो. चाळीस वर्षांत मी अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिका छापल्या आणि त्याच माणसांच्या उत्तरकार्याच्या पत्रिकाही छापल्या. या कामात हात थांबत नाही. त्या दिवशी मात्र ‘माजी’ हा शब्द टाइप करताना थांबला. नानांच्या नावामागे हा शब्द लागला त्याला तीस वर्षं होऊन गेली. तो लावायला तेरा हात वर झाले होते आणि त्यांतला शेवटचा हात माझा होता.

आमचं गाव तालुक्याचं. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्हाला ते एसटी स्टँडवरच्या भज्यांमुळेच आठवेल. नाना या गावचे साडेतीन वर्षं नगराध्यक्ष होते. त्याआधी ते मोटारी भरायचे, म्हणजे शेतातल्या विहिरीवरची जळालेली मोटर खोलून तिला तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून द्यायचे. हे काम ते भुसावळला रेल्वे कॉलनीजवळच्या एका दुकानात शिकले होते. गावात परत आले तेव्हा त्यांच्याकडे दोन पाने, एक पक्कड आणि पाण्याविषयी अमाप उत्सुकता एवढंच होतं. कुठल्या गल्लीतली पाइपलाइन कुठे वळते, कुठे फुटलेली आहे आणि फुटली म्हणून कोणाच्या परसात केळी वाढतात, हे त्यांना नगरपालिकेच्या इंजिनिअरपेक्षा जास्त माहीत होतं. बंद पडलेले हातपंप दुरुस्त करत करत हा माणूस निवडून आला. त्याच निवडणुकीत मीही निवडून आलो, पण मी आलो तो स्वतःच्या प्रेसमध्ये स्वतःचीच भरमसाट पत्रकं छापून. आमच्या दोघांतला फरक तिथूनच सुरू होतो.

त्या काळी नगराध्यक्ष नगरसेवकच निवडायचे. जिनिंग फॅक्टरीवाल्यांच्या गटाचे आणि त्यांच्या विरोधकांचे एकमेकांच्या नावावर काही जमेना, म्हणून ‘तात्पुरता’ माणूस म्हणून नाना खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पाण्याचं. तोवर आमच्याकडे पाणी यायचं ते माणसं बघून. जिनवाल्यांच्या बंगल्याला दिवसाआड, आणि खालच्या वस्तीला देवाच्या मनात येईल तेव्हा. नानांनी गावाचे नऊ भाग केले, मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकल्या आणि नगरपालिकेच्या दारात फळा लावला. आज अमुक गल्ली, उद्या तमुक. स्वतःची गल्ली त्यांनी चिठ्ठीत टाकलीच नाही, ती शेवटी, नवव्या दिवशी. कोणी तक्रार घेऊन आला की ते फळ्याच्या तळाशी बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “मन्हा नंबर कोठे शे, ते देख.” पुढे कोणी काही बोलत नसे. पहाटे व्हॉल्व्हमनबरोबर ते स्वतः जायचे, ती लांब लोखंडी चावी स्वतः फिरवायचे आणि परत येताना माझ्या प्रेसच्या पायरीवर बसून चहा प्यायचे. मी त्यांच्या नोटिसा लिहून द्यायचो. त्यांचं शुद्धलेखन बेताचं होतं आणि मला माझ्या शुद्धलेखनाचा गर्व होता, त्यामुळे आमचं छान जमलं.

आता माझ्या रागाची गोष्ट. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? माझ्या धाकट्या बहिणीचं, शकूचं लग्न ठरलं. भर मे महिना, धुळ्याकडचं वऱ्हाड, आणि फळ्याप्रमाणे आमच्या गल्लीचं पाणी लग्नानंतर तीन दिवसांनी. मी नानांकडे गेलो. मला शंकाच नव्हती. अध्यक्ष माझा मित्र, चावी त्याच्या हातात. म्हटलं, “नाना, फक्त एक वेळ. लग्नाच्या दिवशी आमच्याकडे सोडा.” नानांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुन्हासाठे सोडं ते उद्या जिनवालासाठे बी सोडनं पडी, वसंता. मंग हाऊ फळा पुसी टाकू का?” मी उठून आलो. लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवाच्या दाराशी बैलगाडी येऊन थांबली. गाडीत पाण्याचे ड्रम, जुवाशी धोतर खोचलेले नाना. त्यांच्या शेतातल्या विहिरीचं पाणी. विहिरीवर अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, ड्रम भरायच्या आणि नाना आणून ओतायचे. दुपारपर्यंत त्यांनी पाच खेपा केल्या. त्याच पाण्यात वरण शिजलं, बट्ट्यांचं पीठ मळलं, तेच पाणी वऱ्हाड प्यायलं. शकूच्या सासऱ्यांनी विचारलं, “हा गडी चांगला कामाचा दिसतो, तुमचाच का?” कोणीतरी सांगितलं, “हे आमचे नगराध्यक्ष.” आणि वऱ्हाडात हशा पिकला.

त्या हशानं मी पेटलो. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच असं वाटलं की या माणसानं मला चारचौघांत खाली पाहायला लावलं. नळ सोडला असता तर गावाला कळलं असतं की वसंताच्या शब्दाला वजन आहे. त्याऐवजी यानं माझ्या दारात भिकाऱ्यासारखं पाणी आणून ओतलं आणि वर शेवटच्या पंगतीला बसून वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. ज्याच्या विहिरीच्या पाण्यावर माझ्या बहिणीचं लग्न पार पडलं, त्याच्यावर मी वर्षभर धुमसत राहिलो. सकाळचा चहा चालू होता, नोटिसा लिहून देणं चालू होतं, आणि आत हे शिजत होतं.

जिनवाल्यांनी अविश्वास ठरावाची जुळवाजुळव सुरू केली तेव्हा त्यांना माझ्याकडे यावंही लागलं नाही. मीच गेलो. गावात मी नंतर सांगितलं की मला फसवून, देवदर्शनाला म्हणून नेलं. ते खोटं आहे. आमच्याकडे असा ठराव आला की नगरसेवकांना ‘सहली’ला नेण्याची रीत आहे, म्हणजे मतदानापर्यंत कोणी फुटू नये म्हणून सगळ्यांना एकत्र बाहेर ठेवायचं. दोन जीप भरून आम्ही तेराजण निघालो आणि पुढच्या सीटवर मी होतो. ठरावाला हातही बरोबर तेराच लागत होते, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयानं बघत होता. चौथ्या दिवशी आम्ही वणीच्या गडावर गेलो. पायऱ्या चढून वर टेकलो असताना मीच म्हणालो, “नुसत्या शब्दावर काय भरवसा? देवीपुढे नारळावर हात ठेवू सगळ्यांनी.” जिनवाले स्वतः कचरले. “देवीला यात कशाला ओढता?” म्हणाले. कुळदेवी ती, आमच्याकडे तिच्या नावानं माणूस खोटं बोलायला धजत नाही. मी हट्ट धरला. मला भीती होती की ऐन वेळी कोणीतरी नानांचा चेहरा बघून विरघळेल आणि माझा वर्षभराचा राग फुकट जाईल. नारळ मी विकत आणला आणि त्यावर पहिला हात मी ठेवला.

विरघळलो मात्र मीच. सहलीहून घरी आलो तर शकू बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच म्हणाली, “दादा, तू नानांच्या विरुद्ध आहेस असं बायका म्हणतात. खोटं ना रे? माझ्या लग्नात पाणी आणलं त्यांनी.” माझा राग तिथंच गळून पडला. वर्षभर जपलेला राग असा एका वाक्यात जातो, हे मला माहीत नव्हतं. पण नारळावर ठेवलेला हात कसा परत घेणार? आणि तो डाव माझाच.

सभेच्या आधी, नगरपालिकेच्या व्हरांड्यात माठाशी नाना पाणी पीत उभे होते. मी जवळ गेलो. 

“नाना, मी गडवर नारळवर हात ठेवेल शे.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “कोना सांगावर?”

“त्यास्नीच... बठ्ठास्ले ठेवाले लावा.” तिथंही मी खोटं बोललो, सगळ्यांना हात ठेवायला लावल्याचं जिनवाल्यांवर ढकललं. एवढ्या वेळेलाही.

नानांनी पेला उचलून माठावर पालथा घातला. मग विचारलं, “शकू बायतपनले येल शे ना?” मी मान हलवली. ते आत गेले.

सभागृहात बाहेरगावाहून आलेल्या अधिकाऱ्यांनी ठराव वाचला आणि ठरावाच्या बाजूनं असलेल्यांनी हात वर करावेत असं सांगितलं. बारा हात वर झाले. माझा हात टेबलावर होता. तो मला उचलताही येत नव्हता आणि मांडीवरही घेता येत नव्हता. अधिकाऱ्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि विचारलं, “आणखी कोणी?” जिनवाले माझ्याकडे वळून बघत होते. नाना वाचले होते, माझा हात तिथंच राहिला असता तर वाचले असते. इतक्यात समोरून नानांचा आवाज आला, “वसंता, कर हात वर.” सगळं सभागृह चमकलं. लोकांना वाटलं, हा माणूस मिजाशीत आव्हान देतोय, बघू तुझी हिंमत. मला एकट्यालाच कळलं ते काय म्हणत होते. घरात बाळंतपण आहे, कुळदेवीशी खेळ करू नकोस. मी हात वर केला आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून तोच हात खाली घेताना चेहऱ्यावरून फिरवला. आठ दिवसांनी शकूला मुलगा झाला. सुखरूप.

इथपर्यंत माझ्यावर दया करायला जागा आहे. पुढचं ऐका. चहाच्या टपरीवर कोणीतरी मला ‘फितूर’ म्हणालं. मी पटकन बोलून गेलो, “अहो, मी हात टेबलावरच ठेवला होता! नानाच म्हणाले, कर हात वर. मग करणार काय?” सगळे हसले. फितूर शब्द हवेत विरला. मला सुटल्यासारखं झालं आणि मी ती गोष्ट पुन्हा सांगितली. मग सांगतच राहिलो. नारळ गाळला, व्हरांडा गाळला, माठ गाळला. दर वेळी गोष्ट जरा घासूनपुसून जास्त मजेदार होत गेली. नानांचा आवाजही मी काढायला लागलो. ‘स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा नगराध्यक्ष’ ही नानांची ओळख गावात माझ्या तोंडून तयार झाली. एका लग्नाच्या पंगतीत मी अशीच गोष्ट रंगवत असताना मागे नाना येऊन उभे राहिलेले मला दिसलेच नाहीत. लोक एकदम गप्प झाले. नाना माझ्या शेजारी पाटावर बसले, पत्रावळ पुढे ओढली आणि हसून म्हणाले, “हां भो, तसंच व्हयनं.” माझ्या खोट्यावर त्यांनी स्वतः शिक्का मारला. त्या दिवशी घास माझ्या घशाखाली उतरला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी व्यवस्थित जेवलो.

नवीन अध्यक्षांनी महिन्याभरात फळा काढला. माझ्या गल्लीत तिसऱ्या दिवशी पाणी यायला लागलं, शेजारणी मला दुवा द्यायच्या. नानांच्या गल्लीत पंधरा पंधरा दिवस नळाला हवा यायची. अक्का डोक्यावर हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या. त्यांचे गुडघे त्यातच गेले. एकदा मी नानांच्या ओसरीवर खाटेवर बसलो होतो. अक्का हंडा घेऊन आल्या, तो उतरवताना कळवळल्या आणि नवऱ्यावर कडाडल्या, “जा, आखो सांगा कोन्हाले, कर हात वर! भोगू आम्ही!” माझी गोष्ट त्यांच्या घरापर्यंत पोचली होती, आणि त्यांनी ती खरी मानली होती. नानांनी एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं, की याला विचार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालून प्यायला सुरुवात केली. मी मिठाची गुळणी धरून बसलो. चहा मीही प्यायलो.

नंतरची तीस वर्षं नाना कशालाच उभे राहिले नाहीत. मोटारी भरत राहिले, शेत करत राहिले, आणि दर सोमवारी न चुकता माझ्या प्रेसवर येत राहिले. मी वाट बघायचो. आज बोलतील, आज शिवी देतील. एकदा कडाकडा भांडले असते तर मी तिथंच पायावर डोकं ठेवलं असतं... निदान मला तसं वाटतं. ते यायचे, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या प्रुफातली चूक दाखवायचे, हो, त्यांचं शुद्धलेखन माझ्यामुळे सुधारलं होतं, आणि जायचे. शेवटचा भेटलो तो जाण्याआधी पंधरा दिवस. ते खाटेवर पडून होते. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो आणि अर्धा तास मी त्यांना नव्या फ्लेक्स मशीनची माहिती देत बसलो. निघताना त्यांनी विचारलं, “शकूना पोऱ्या काय करस आते?” पुण्याला इंजिनिअर आहे, म्हटलं. “बरं व्हयनं,” म्हणाले आणि डोळे मिटले.

शोकसभा नगरपालिकेच्याच सभागृहात झाली. एका तरुण नगरसेवकानं नानांच्या दिलदारपणाचा किस्सा म्हणून नेमकी माझी गोष्ट सांगितली, माझ्याच शब्दांत, मी काढतो तसा आवाज काढून. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मग जिवलग मित्र म्हणून माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. समोर अक्का बसल्या होत्या. मी नानांच्या वक्तशीरपणावर पाच मिनिटं बोललो आणि खाली बसलो.

म्हणून हा लेख. वर लिहिलं ते सगळं कागदावर उतरवून झालं, पण वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवण्याआधी अक्कांना ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. छापून आल्यावर शेजारपाजारचं कोणी वाचून दाखवणार, ते मला नको होतं. परवा सकाळी गेलो. अक्का ओसरीवर बाजरी निवडत होत्या. मी कागद काढले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हळू आवाजात वाचले. नारळ आला तेव्हा त्यांचा हात सुपात थांबला, तो पुन्हा हलला नाही. वाचून झाल्यावर मी मान खाली घालून बसलो. शिव्यांची तयारी होती. 

“तीस वरीस त्यास्ले मन्हा टोमणा ऐकना पडनात,” त्या म्हणाल्या. “आते मी त्यास्ले कसं सांगू?”

 मी म्हटलं, “अक्का, तुम्ही म्हणाल तर छापत नाही.”

“छापजो.” त्यांनी सूप बाजूला सरकवलं. “पन नारळ तुन्हा व्हता, हाई त्यास्ले बी माहीत नव्हतं ना? पहिले त्यास्ले वाची दाखाड.”

ओसरीच्या कोपऱ्यात नानांची खाट तशीच होती. गोधडी घडी करून पायथ्याशी, उशाशी चष्मा, भिंतीला टेकवलेली काठी. मी खाटेसमोर जमिनीवर बसलो. सत्तरीचा माणूस मी, रिकाम्या खाटेला काय वाचून दाखवायचं, असं मनात आलं. पण अक्का बघत होत्या. मी पुटपुटत सुरुवात केली, ‘सुपडूनाना गेल्याची बातमी...’ आणि पहिल्याच ओळीत अक्कांनी मला थांबवलं.

“जोरमा वाच,” त्या म्हणाल्या. “त्यास्ले कमी ऐकू येस.”

मी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.